दोन पिवळे : बोरेगोच्या वाळवंटी सूर्यफुलाचं प्रकरण

हेंडरसन कॅनियन रोड हा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बोरेगो दरीच्या उत्तर कडेने जाणारा साधा रस्ता. एरवी तिथे गाडी थांबवावी असं काही नसतं. वाळू, क्रिओसोटची विरळ झुडपं आणि मागे डोंगरांची करडी भिंत. पण हिवाळ्याचा पाऊस मनासारखा झाला, तर फेब्रुवारीच्या अखेरीपासून रस्त्याच्या दोन्ही अंगांना वाळवंटी सूर्यफूल फुलतं आणि जमीन पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत सोनेरी होते. अमेरिकेत या फुलाला ‘डेझर्ट गोल्ड’ही म्हणतात. ते नाव मला कधी अतिशयोक्तीचं वाटलं नाही.

याच पट्ट्यात आणखी एक पिवळं फूल असतं. बारीक, चार पाकळ्यांचं, जरा उतरलेल्या रंगाचं. गाडीच्या काचेतून दोन्ही एकच वाटतात. खाली उतरून जवळ गेलं की कळतं, यातलं एक फूल आपण पाहायला आलो ते, आणि दुसरं त्याच्या मुळावर उठलेलं. या दुसऱ्याचं नाव सहारा मोहरी. आपल्या फोडणीतल्या मोहरीच्याच कुळातली, पण इथे परकी.

हे प्रकरण त्या दोघांमधलं आहे. वाळवंटातल्या फुलांबद्दल लिहिताना लोक पावसावर थांबतात. पाऊस आला की फुलं आली, एवढं सरळ गणित मांडतात. बोरेगोत ते गणित मोडलं. पाऊस चांगला झाला आणि तरी देशी फुलं मागे पडली, असं तिथे घडू लागलं. ते का घडलं, लोकांनी काय केलं आणि कुठे हात टेकले, हे नीट पाहण्यासारखं आहे. मला यातून जे दिसतं ते आधीच सांगून टाकते : फुलांचा हंगाम मार्चमध्ये दिसतो, पण त्याचा निकाल डिसेंबरमध्येच लागलेला असतो आणि डिसेंबरमध्ये तिथे बघायला कुणी नसतं.

जागा

बोरेगो स्प्रिंग्ज हे सॅन डिएगोपासून गाडीने दोनेक तासांवरचं गाव. वस्ती जेमतेम तीन-साडेतीन हजारांची, गावात वाहतुकीचा एकही सिग्नल नाही. गावाला चहूबाजूंनी वेढून आहे अँझा-बोरेगो डेझर्ट स्टेट पार्क. १९३३ मध्ये सुरू झालेलं हे उद्यान आज सहा लाख एकरांहून मोठं आहे, कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांत सगळ्यात मोठं. नावातला ‘अँझा’ म्हणजे १७७४ मध्ये या वाटेने गेलेला स्पॅनिश कप्तान हुआन बाउतिस्ता दे अँझा, आणि ‘बोरेगो’ म्हणजे इथल्या डोंगरांतली रानमेंढी. त्याच्या कितीतरी आधीपासून हा प्रदेश काविया आणि कुमेयाय लोकांचा आहे.

पाऊस वर्षाला सरासरी पाच-सहा इंच. आपल्याकडे दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणदेशातसुद्धा याच्या तिपटीच्या आसपास पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बहुतेक पाऊस हिवाळ्यात, पॅसिफिक महासागरावरून येणाऱ्या वादळांतून पडतो, आणि तोही डोंगरांच्या पश्चिम उतारावर बराचसा सांडून उरलेला. कोकणात धो धो कोसळून घाटमाथा ओलांडणारे ढग माणदेशात रिकामे होऊन येतात, तसाच हा प्रकार.

सूर्यफुलाचा हिशोब

वाळवंटी सूर्यफुलाचं शास्त्रीय नाव गेरीआ कॅनेसेन्स. ‘गेरीआ’ हा शब्द म्हाताऱ्या माणसासाठीच्या ग्रीक शब्दावरून आला, कारण याच्या काळ्या चपट्या बियांच्या कडेला लांब पांढरे केस असतात. ‘कॅनेसेन्स’ म्हणजेही पांढुरकं, केस पिकत चाललेलं. लहानपणी रुईची म्हातारी पकडायला धावलेल्या आपल्यासारख्यांना हे नाव परकं वाटू नये. झाड गुडघ्याएवढं, चांगल्या वर्षी मांडीपर्यंत. पानं राखाडी हिरवी, हाताला लवदार. फूल चार-पाच सेंटिमीटरचं, दहा ते वीस पाकळ्यांचं, मधला भागही पिवळाच, आणि त्याला मंद वास असतो. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय भागापासून नेवाडा, यूटा, ॲरिझोना आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतल्या सोनोरा आणि बाहा कॅलिफोर्नियापर्यंत हे आढळतं.

ही वनस्पती वार्षिक. म्हणजे उगवणं, फुलणं, बी टाकणं आणि वाळून जाणं हे सगळं काही महिन्यांत उरकतं. बाकीचा काळ, मग तो सहा महिने असो की सहा वर्षं, ती वाळूत बी म्हणून पडून असते. त्यामुळे कधी उगवायचं, हा या बीजाच्या आयुष्यातला एकच मोठा निर्णय असतो, आणि तो चुकला तर परतीचा रस्ता नाही. अंकुर फुटला आणि पुढे पाणी मिळालं नाही, तर ते बी संपलं.

हा निर्णय कसा होतो, यावर फ्रिट्स वेंट या मूळच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात फार सुंदर काम केलं. पॅसाडिनाच्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत त्यांनी वाळवंटातली माती आणून तिच्यावर कृत्रिम पाऊस पाडून पाहिला. १९५५ मध्ये त्यांनी जे निष्कर्ष मांडले ते आजही वाचताना थबकायला होतं. अर्ध्या इंचाहून कमी पाऊस पडला तर बहुतेक वार्षिक वनस्पतींचं बी हलतच नाही. एक-दोन इंच पडला तर भराभर उगवतं. आणि गंमत अशी, की तीच माती खालून पाण्यात भिजवली तर उगवण होत नाही. पाणी वरूनच पडायला हवं, मातीतून झिरपत खाली जायला हवं. कारण बियांवर उगवण रोखणारी द्रव्यं असतात आणि ती धुऊन जाण्याइतका पाऊस झाला तरच बी जागं होतं. पाऊसमापक यंत्र बीजाच्या सालीतच बसवलेलं आहे, असं म्हणायला हरकत नाही. त्यातही थंडीतल्या पावसाला एका जातीचं बी उगवतं, उन्हाळी पावसाला दुसऱ्याच जातीचं.

वेंट यांना आणखी एक गोष्ट दिसली होती आणि ती या प्रकरणाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे. दाटीने उगवलेली वाळवंटी रोपं एकमेकांना मारत नाहीत. पाणी कमी असेल तर सगळीच खुरटी राहतात, बोटभर उंचीवर एकेक फूल धरतात, पण त्यातली निम्म्याहून जास्त बी टाकेपर्यंत जगतात. म्हणजे थोडं पाणी सगळ्यांत वाटलं जातं. वाळवंटात पोटावर झोपून पाहावी लागतात अशी इवली फुलं दिसतात, ती याचमुळे.

दुसरा हिशोब बीजाच्या साठ्याचा. पाऊस कितीही चांगला झाला तरी सगळं बी उगवत नाही. काही भाग मागे राहतो. शेतकरी घरातलं सगळं बियाणं एकाच पेरणीत टाकत नाही, दुबार पेरणीसाठी कणगीत थोडं राखतो, तसं. ॲरिझोनातल्या टुसान शहराजवळ टुमामॉक टेकडीवर १९०३ पासून वाळवंट प्रयोगशाळा आहे. तिथे लॉरेन्स व्हेनेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून वार्षिक वनस्पतींची वर्षानुवर्षं मोजणी ठेवली, आणि बी राखून ठेवण्याची ही सवय प्रत्यक्ष आकड्यांत दाखवली. ज्या जातींना दुष्काळ-सुकाळाचा झोका जास्त बसतो, त्या जाती बी जास्त राखतात.

या दोन हिशोबांवर सूर्यफूल हजारो वर्षं टिकलं. घाई करायची नाही, आणि सगळं एकदम लावायचं नाही.

दुसरा पिवळा

सहारा मोहरी, म्हणजे ब्रासिका टूर्नेफोर्टाय, ही मूळची उत्तर आफ्रिका, भूमध्य समुद्राचा परिसर आणि मध्यपूर्वेच्या कोरड्या प्रदेशातली. भारताच्या वायव्य भागातही ती आहे. आपल्या कृषी वाङ्मयात तिला जंगली राई म्हणतात. कॅलिफोर्नियात तिचा पहिला नमुना १९२७ चा, बोरेगोच्या उत्तरेला असलेल्या कोचेला खोऱ्यातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मध्यपूर्वेतून खजुराची रोपं आणून बागा लावल्या गेल्या, आणि बहुधा त्या रोपांच्या मातीबरोबर मोहरीचं बी आलं. खजुराचा गोडवा आज कोचेलात पैसा देतो आहे. त्याबरोबर काय आलं हे कळायला पुढची साठ-सत्तर वर्षं जावी लागली.

मोहरीचा स्वभाव सूर्यफुलाच्या बरोब्बर उलटा आहे. तिचं बी थांबत नाही. थोडक्या पावसावर, देशी बियांच्या आधी, ती उगवते. जमिनीला चिकटून पानांचा एक रुंद घेर पसरते. हातभर व्यासाचा असा एक घेर पडला की त्याखालच्या वाळूत ऊन पोचत नाही आणि ओलही उरत नाही. सूर्यफूल अजून चार पानांवर असतं तेव्हा मोहरीचा दांडा वर निघालेला असतो. जानेवारीत, कधी त्याआधीही, ती फुलू लागते. तिला मधमाशीची वाट पाहावी लागत नाही, स्वतःच्याच परागाने शेंगा धरतात. एका मोठ्या झाडाला हजारो बिया. ते बी ओलं झालं की बुळबुळीत होऊन चिकटतं, सब्जा भिजल्यावर होतो तसं, आणि गाडीच्या टायरला, बुटाच्या तळाला, जनावराच्या केसांना लागून पुढे जातं. उन्हाळ्यात वाळलेलं झाड बुंध्यापाशी मोडतं आणि वाऱ्यावर गडगडत बिया सांडत जातं.

वेंट यांना दिसलेली ती वाटून घेण्याची रीत या झाडाला ठाऊक नाही. ते पहिलं येतं आणि पाणी आधी उचलतं. मागून आलेल्यांना जे उरेल त्यात भागवावं लागतं. मी मोहरीला दोष देत नाही. ती जिथली आहे तिथे तिच्यावर जगणारे किडे आहेत, तिच्याइतकेच घाईचे शेजारी आहेत. बोरेगोत यातलं काहीच नाही.

२००५ आणि नंतर

२००४-०५ चा हिवाळा दक्षिण कॅलिफोर्नियात असाधारण ओला होता. लॉस एंजेलिसच्या नोंदींत तो दुसऱ्या क्रमांकाचा ओला हंगाम आहे, ३७ इंचांहून जास्त पावसाचा. त्या वसंतात बोरेगोपासून डेथ व्हॅलीपर्यंत फुलांचा जो बहर आला, त्याच्या आठवणी लोक अजून काढतात. पण त्याच पावसावर मोहरीही वाढली, आणि तिने बीही तितकंच टाकलं.

कोचेला खोऱ्यातल्या वाळूच्या टेकड्यांवर कॅमेरॉन बॅरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळात केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहरी जिथे दाट झाली तिथे देशी वार्षिक वनस्पतींची फुलं आणि फळधारणा घटली, असं त्यांना आढळलं. म्हणजे झाड उभं दिसलं तरी त्याची पुढच्या वर्षांची शिल्लक कमी होत होती. हे समजून घेणं फार गरजेचं आहे. वार्षिक वनस्पतीचं नुकसान त्या वर्षीच्या फुलांत मोजायचं नसतं, मातीत किती बी जमा झालं यात मोजायचं असतं. आणि मातीतलं बी डोळ्यांना दिसत नाही. खातं रिकामं होत असतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

बोरेगोत तेच भय होतं. २००५ नंतरच्या वर्षांत हेंडरसन कॅनियन रोडच्या कडेला, जिथे सोनेरी चादर असायची तिथे, मोहरीचे कंबरेएवढे झाडोरे दिसू लागले. हे गाव वसंतातल्या पाहुण्यांवर बरंचसं जगतं. फुलं गेली तर गावाचं काय, हा प्रश्न चहाच्या टेबलावर येऊ लागला असेल तर नवल नाही. पण मला त्याहून जास्त चुटपुट लागते ती फुलांवर जगणाऱ्या जिवांची. मार्चमध्ये स्वेन्सन्स हॉक जातीचे ससाणे अर्जेंटिनाकडून उत्तरेला जाताना या दरीत उतरतात. हजारो किलोमीटरच्या प्रवासात त्यांना इथे मिळतात स्फिंक्स पतंगाच्या जाड, बोटभर लांबीच्या अळ्या. त्या अळ्या पोसतात वाळूतल्या देशी रोपांवर, रानटी प्रिमरोझ आणि जांभळ्या व्हर्बेनासारख्या. त्या रोपांची जागा मोहरीने घेतली, तर अळ्या नाहीत. अळ्या नाहीत, तर ससाण्यांना इथे उतरून काय मिळणार?

मग आला दुष्काळ. २०१२ पासून २०१६ पर्यंत कॅलिफोर्निया होरपळला. आणि इथे प्रकरणाला जे वळण लागलं ते कुणी योजलेलं नव्हतं. मोहरीचं बी थांबत नाही हे तिचं बळ होतं, तेच तिला महागात पडलं. थोडक्या पावसावर ती उगवत राहिली आणि पुढचं पाणी न मिळाल्याने शेंगा धरण्याआधी वाळत राहिली. तिचं बी मातीत काही वर्षंच टिकतं. राखीव साठा लहान. सूर्यफुलाचं बी मात्र वाळूत स्वस्थ पडून होतं. २०१६-१७ च्या हिवाळ्यात दमदार पाऊस झाला आणि २०१७ च्या मार्चमध्ये बोरेगो पुन्हा फुललं. घाई न करणाऱ्याचं पारडं त्या वर्षी जड झालं.

त्या मार्चमध्ये गावात इतके लोक आले की रस्ते तुंबले, हॉटेलांतलं अन्न संपलं, पेट्रोलसाठी रांगा लागल्या. २०१९ मध्ये पुन्हा मोठा बहर आला तेव्हा गाव तयार होतं. जागोजागी फिरती शौचालयं, फुलं कुठे आहेत याचे छापील नकाशे, थांबायच्या जागा ठरवलेल्या. कास पठारावर रोजच्या पाहुण्यांची संख्या बांधून घ्यावी लागली, ते आठवलं. फुलांत बसून फोटो काढणाऱ्यांवर तेव्हा खूप टीका झाली आणि ती योग्यच होती. पायवाट पडली की वाळूवरची पातळ पापडी मोडते. पण तुडवलेली जागा दिसते म्हणून आपण तिच्यावर बोलत राहतो. माझ्या मते या दरीचं खरं नुकसान तुडवण्यातून झालेलं नाही.

आणखी एक गोष्ट खटकते. किनाऱ्याजवळच्या टेकड्या वसंतात काळ्या मोहरीने पिवळ्या होतात. तीही परकीच, स्पॅनिश काळापासून पसरलेली. तिच्यात उभे राहून ‘रानफुलांचा बहर’ म्हणून काढलेले फोटो दर वर्षी फिरतात. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या आपल्या मराठी ओळखीच्यांकडूनही असे फोटो येतात. पिवळं दिसलं की वसंत, इतकं सोपं ते नाही, हे मी आता प्रत्येकाला सांगते.

हाताने, औषधाने, किड्याने

उपाय म्हणून पहिली गोष्ट झाली ती उपटण्याची. उद्यानाचे कर्मचारी, गावातले स्वयंसेवक, बरेचसे निवृत्त, हातमोजे घालून रस्त्याच्या कडेची मोहरी उपटू लागले. वाळूत मूळ सहज निघतं, अवजार लागत नाही. प्रश्न वेळेचा असतो. शेंगा धरण्याआधी उपटलं तर झाड तिथेच टाकून चालतं. हिरव्या शेंगा धरल्यावर उपटलेल्या झाडावरही बी पिकू शकतं, म्हणून ते पिशवीत भरून न्यावं लागतं. शेंगा वाळल्यावर हात लावला तर आपणच पेरणी केल्यासारखं होतं. म्हणजे कामाची खिडकी डिसेंबर ते फेब्रुवारी, फार तर आठ-दहा आठवड्यांची. त्या दिवसांत दरी उघडीबोडकी असते, वारा बोचतो, आणि जे वाचवायचं ते फूल अजून दिसतही नसतं.

दुसरी मर्यादा व्याप्तीची. रस्त्याच्या कडेचा पट्टा हाताने राखता येतो. सहा लाख एकर राखता येत नाही. म्हणून स्वयंसेवकांनी काही मोजक्या जागा धरून ठेवल्या, हेंडरसन कॅनियनसारख्या, आणि त्या दर वर्षी साफ केल्या. काही जणांना हे तोकडं वाटतं. मला ते शहाणपणाचं वाटतं, कारण मोहरीचा साठा मातीत अल्पायुषी आहे. एकाच तुकड्यावर तीन-चार वर्षं ओळीने बी पडू दिलं नाही, तर तो तुकडा खरोखर हलका होतो. दहा तुकडे एकेक वर्ष साफ करून सोडले, तर दहाही पूर्ववत होतात.

तणनाशकाचा मार्गही आहे. मोहरी आधी उगवते, तेव्हा देशी रोपं वर येण्याआधी नेमकी तिच्यावर फवारणी करता येते. पण हे आठवडे पकडणं कठीण, आणि एकदा दोन्ही मिसळून उगवली की फवारा भेद करत नाही. राखीव उद्यानात याबद्दल हात आखडता असावा, हेच बरं.

तिसरा मार्ग, मोहरीच्या मूळ प्रदेशातून तिचा शत्रू किडा आणण्याचा. इथे मराठी वाचकाला आपलं गाजर गवत आठवल्याशिवाय राहणार नाही. पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्यावर ते प्रथम नजरेत आलं, आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि पाहता पाहता रस्ते, रेल्वेरूळ, पडीक शेतं व्यापून बसलं. ते उपटताना हातावर उठणारी खाज आमच्या पिढीने भोगली आहे. १९८० च्या दशकात मेक्सिकोतून झायगोग्रामा हा भुंगा आणून बंगळूरजवळ सोडला गेला. पावसाळ्यात गाजर गवताची पानं चाळणीसारखी करून टाकणारा हा भुंगा आज आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. पण मध्यंतरी तो कर्नाटकात सूर्यफुलाच्या पिकावर दिसला आणि मोठं काहूर माजलं, कारण गाजर गवत आणि सूर्यफूल एकाच कुळातले.

बोरेगोच्या मोहरीपुढे हाच पेच आणखी अवघड होऊन उभा आहे. तिच्या कुळात कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा, कॅनोला. कॅलिफोर्निया हे ब्रोकोली आणि फ्लॉवर पिकवणारं अमेरिकेतलं आघाडीचं राज्य, आणि बोरेगोच्या पूर्वेला इम्पीरियल खोऱ्यात हिवाळी भाजीपाल्याची अफाट शेती. सहारा मोहरीच खाईल आणि कोबीला तोंड लावणार नाही असा किडा किंवा बुरशी शोधायची, आणि त्याची वर्षानुवर्षं परीक्षा घ्यायची. हे काम घाईने करू नये. झायगोग्रामाच्या वेळचं काहूर ज्यांनी पाहिलं ते लगेच होकार देतील.

पाण्याची बाजू

आता एक गोष्ट, जी फुलांच्या लेखांत सहसा येत नाही आणि जिच्यावर मला वाटतं पुढची वीस वर्षं अवलंबून आहेत. बोरेगो दरीत नदीचं किंवा कालव्याचं पाणी येत नाही. गाव, गोल्फची मैदानं आणि लिंबू-संत्र्यांच्या बागा, सगळं भूजलावर. दशकानुदशकं भरण्यापेक्षा उपसा जास्त झाला आणि पातळी खाली गेली. अखेर २०२१ मध्ये न्यायालयाच्या निकालाने उपशावर मर्यादा आली. २०४० पर्यंत तो पूर्वीच्या जवळपास पाव हिश्श्यावर आणायचा आहे. आपल्याकडे विंधन विहिरी घेत घेत हजार फुटांवर गेलेल्या गावांना या निकालाचं मोल वेगळं सांगायला नको.

पण याचा अर्थ बागांची जमीन टप्प्याटप्प्याने पडीक टाकली जाणार. आणि नांगरलेली, पाणी तोडलेली, उघडी वाळू ही मोहरीला सगळ्यात आवडणारी जागा. तिथे देशी बीजाचा साठा आधीच मोडलेला असतो, अडवायला कुणी नसतं. पडीक जमीन मोहरीने भरली, तर शेजारच्या हेंडरसन कॅनियनच्या पट्ट्यात दर वर्षी वाऱ्यावर नवं बी येत राहणार, आणि हाताने राखलेल्या तुकड्यांचा हिशोब पुन्हा चुकणार. पाणी वाचवण्याचा निर्णय बरोबर आहे, याबद्दल शंका नाही. फक्त त्या जमिनी सोडताना त्यावर देशी झुडपं आणि देशी बी पुन्हा लावण्याचा खर्च त्याच योजनेत धरला पाहिजे. बाग उपटून मोकळं होणं पुरेसं नाही. या प्रकरणातला सगळ्यात निकडीचा मुद्दा मला हाच वाटतो. फूल पाहायला येणाऱ्यांनी त्याबद्दल विचारायला हवं.

डिसेंबरातली ओळख

हे काम करायचं ठरवलेल्या नव्या माणसाला आधी शिकवतात ती रोपांची ओळख, कारण डिसेंबरात कुठलंच फूल नसतं. मोहरीचं रोप जमिनीसरशी पसरलेलं असतं. पानं लांबट, कडेने खोल कातरलेली, मुळ्याच्या पानासारखी, आणि बोट फिरवलं की राठ केस टोचतात. मधोमध दाबून धरलं तर देठांचा जुडगा हाताला लागतो. सूर्यफुलाचं रोप त्या मानाने अंगठ्याएवढं. पानं साधी, राखाडी, वरची लव मऊ. ते वर बघत उभं असतं, पसरत नाही. बऱ्याचदा ते मोहरीच्या पानाखालीच सापडतं, उन्हाअभावी जरा लांबलेलं आणि फिकट.

अशा वेळी मोहरी ओढायची नाही. एका हाताच्या दोन बोटांनी सूर्यफुलाच्या बुडाची वाळू दाबून धरायची, दुसऱ्या हाताने मोहरीचा जुडगा मुळाशी पकडून हलकेच फिरवायचा, आणि मग उचलायचा. पांढरं सरळ मूळ सगळंच्या सगळं वर येतं. ते झाड मुळं वर करून बाजूला ठेवायचं, दोन दिवसांत वाळतं. उघड्या पडलेल्या खळग्यात थोडी वाळू लोटायची, लहान रोपाला पुन्हा ऊन लागतंय ना ते बघायचं, आणि गुडघे पुढच्या घेराकडे सरकवायचे.